डिझेलला चोक नसतो

"चोक पूर्ण ओढलाय मी, तरी उठत नाही."

विलासदादांचा फोन स्पीकरवर होता आणि शेजारी ग्राइंडर चालू होता. मी एका टेम्पोखाली पाठीवर पडले होते. तिथून मला दादांचे फक्त पाय दिसत होते. फोनवर बोलताना ते पाय सतत फेऱ्या मारतात.

"काय म्हणालात काका? चोक?"

"हो, चोक. पूर्ण."

"बरं बरं. आता सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. मी येतो फिल्टर घेऊन."

पाय थांबले. "मॅडम, निघ बाहेर. सामंतकाकांची घरगाडी. फिल्टर चोक झालाय. खडवलीला जायचंय."

मी बाहेर आले, हात पुसले आणि फळीवरचा नवा फिल्टर काढून पिशवीत टाकला. बोलले काहीच नाही. खरं तर त्या वाक्यातला 'ओढलाय' हा शब्द मला खटकला होता. गॅरेजच्या मराठीत चोक म्हणजे तुंबलेला. फिल्टर चोक होतो, पाइप चोक होतो, थंडीत दादांचं नाकही चोक होतं. तुंबलेली वस्तू कुणी ओढत नाही. पण मी डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात शिकले. घरी मराठी बोलले तरी कामाची मराठी मला गॅरेजमध्ये येऊन ऐकून ऐकून शिकावी लागली. आणि गॅरेजमध्ये 'ओढणं' फार ठिकाणी येतं. पंप डिझेल ओढतो. चढावर गाडी ओढत नाही. मला वाटलं, हाही तसाच एखादा वाक्प्रचार असेल, मला माहीत नसलेला.

विचारायला हवं होतं. न विचारण्याचं कारण सांगते. नवीन होते तेव्हा दादांनी एकदा सांगितलं, "त्या पिवळ्या गाडीने हवा घेतलीय, जरा बघ." मी गेज घेऊन गेले आणि चारही टायरमधली हवा तपासून आले. म्हटलं, बरोबर आहे. अख्खं गॅरेज पोट धरून हसलं. डिझेल गाडीने हवा घेतली म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, आणि आता ती काढल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुस्तकात त्याला वेगळं नाव होतं. त्यानंतर बरेच दिवस मी गॅरेजच्या गेटातून आत आले की कुणीतरी विचारायचं, "मॅडम, हवा ठीक ना?" तेव्हापासून मी शब्द ऐकून घेते, मनात ठेवते आणि अर्थ आपोआप कळेपर्यंत गप्प बसते. लोकांना वाटतं मला गर्व आहे.

मी डिझेलचं काम करते. आधी ठाण्यात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथे गाडीला संगणक लावायचा आणि तो जे सांगेल तो भाग बदलायचा. नंतर कल्याणला विलासदादांकडे आले, कारण तिथे संगणक लावायला जागाच नसलेल्या गाड्या येतात. जुन्या मिनीबस, टेम्पो, आणि गेल्या काही वर्षांत त्याच जुन्या मिनीबसच्या केलेल्या मोटारहोम. आत पलंग, ओटा, बेसिन, एखादा फ्रीज. आमच्याकडे त्यांना घरगाडी म्हणतात.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा आत घेतं आणि इतकी दाबतं की ती नुसत्या दाबाने तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, तसंच. त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते पेटतं. म्हणून गाडी सुरू होत नसेल तर माझा पहिला प्रश्न असतो, इंजिन फिरतं पण उठत नाही, की फिरतच नाही? फिरत नसेल तर बॅटरी आणि सेल्फ. फिरून उठत नसेल तर बहुतेक वेळा डिझेल जिथे पोहोचायचं तिथे पोहोचत नाही. मग टाकीपासून निघायचं आणि एकेक टप्पा पुढे जायचं. गिऱ्हाईक मात्र या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते म्हणतं, "बंद आहे हो गाडी."

घरगाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. घोडबंदरच्या एका कुटुंबाने रात्रभर फ्रीज चालवला तो इंजिनाच्या बॅटरीवर. घरासाठी वेगळी बॅटरी बसवून दिली होती, पण तिची वायर त्यांना दिसायला बरी वाटेना म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. सकाळी आईस्क्रीम घट्ट आणि इंजिन मुकं. बाईंनी मला आग्रहाने आईस्क्रीम खायला लावलं आणि वायर लपवता येईल का, असं विचारलं. डोंबिवलीचा एक केटरर तर शपथेवर सांगायचा की त्याची गाडी एकाच मंगल कार्यालयासमोर बंद पडते, तिथल्या मॅनेजरची नजर वाईट आहे. त्या कार्यालयासमोर उतार आहे. गाडी नाक खाली करून उभी राहायची आणि टाकीत जेमतेम असलेलं डिझेल पाइपच्या तोंडापासून लांब जायचं. मी त्याला टाकी अर्धी तरी भरलेली ठेवा असं सांगितलं. त्याने टाकी भरली आणि लिंबूही बांधलं. गुण कुणाचा आला ते तो सांगत नाही.

सामंतकाकांची गोष्ट अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

काका मोहन्याला राहतात. तिथल्याच कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि एक जुनी मिनीबस घेऊन सुताराच्या मदतीने तिची घरगाडी केली. हौस होतीच, पण मुख्य कारण काकू. काकूंच्या पाठीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यांना फार वेळ बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. त्यांचं माहेर मालवणकडे. गाडीत पलंग होता म्हणून त्या जाऊ शकत होत्या. सोसायटीत इतक्या मोठ्या गाडीला जागा मिळेना, म्हणून काका ती खडवलीला मित्राच्या प्लॉटवर ठेवायचे.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी चिंचेखाली उभी होती. मागचं दार उघडं होतं, आत पलंगावर काकू उशीला टेकून पडल्या होत्या. ओट्यावर डबे, पाण्याच्या बाटल्या, एका पिशवीतून डोकावणारी नवी साडी. काका ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसले होते, जणू गाडी आत्ता निघेल. खाली एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. त्यांचा मुलगा निनाद, ठाण्याला राहणारा.

"गेल्या आठवड्यात तुमच्याकडूनच आली ना ही?" निनाद दादांना म्हणाला.

"आमच्याकडून निघाली तेव्हा एक नंबर होती साहेब. मी स्वतः इथे आणून लावली."

"मग आता काय झालं?"

"फिल्टर. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम झालं नाही. दादांनी पुढचं बॉनेट उघडून फिल्टर बदलला, हातपंप चार वेळा दाबला आणि ओरडले, "मारा काका सेल्फ." इंजिन फिरलं. उठलं नाही. "परत." फिरलं. "परत." प्रत्येक वेळी आवाज जड होत गेला आणि शेवटी नुसती टिक् टिक् राहिली. बॅटरी बसली.

दादा कपाळ पुसत मागे सरकले. "पंप गेलेला दिसतोय. टो करून न्यावी लागेल. पंप उतरवून पंपवाल्याकडे दुरुस्तीला द्यायचा, त्याला वेळ जातो."

निनाद म्हणाला, "उतरवू नका. मी हिला गिऱ्हाईक बघून ठेवलंय, आहे तशी न्यायला तयार आहे. बाबा, मी कालच म्हणालेलो. आज निघाली तर निघाली, नाहीतर विषय संपला. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो होतो," काका म्हणाले.

"घाटात बंद पडली असती तर? आईला घेऊन कुठे उभं राहिला असता? आणि गाडीचंच नाही बाबा. तुम्ही परवा गॅस चालू ठेवून खाली गेलात."

काकू आतून म्हणाल्या, "गॅस मी चालू ठेवलेला, निनाद. त्यांच्यावर कशाला ढकलतोस?"

"तू नको मध्ये पडू, आई."

निनाद दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. पण त्याचं ठरलं होतं, आणि बंद पडलेली गाडी त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

दादा टो गाडीवाल्याला फोन लावत प्लॉटच्या कुंपणाकडे गेले. खडवलीला रेंज शोधत फिरावं लागतं. मी त्यांच्या मागे गेले.

"दादा, मी बघू का?"

"काय बघणार? पंप आहे तो."

"फिल्टर उघडलाय म्हणजे हवा घेतली असणार. नीट काढली नाही आपण."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. टायरची आठवण त्यांनाही झाली असावी, मिश्यांत हसू आलं. "काढ. टो येईपर्यंत काय करायचंय नाहीतरी. मी स्टेशनकडे जाऊन येतो, इथून काय फोन लागत नाही."

ते स्कूटर घेऊन गेले. मी निनादला त्याची कार जवळ लावायला सांगितली आणि जम्परच्या वायरी जोडल्या. त्याने कार लावली, पण म्हणाला, "मॅडम, उगाच आशा लावू नका त्यांना."

मी मान हलवली. तेवढंच जमतं मला.

हवा काढायचं काम कंटाळवाणं असतं, आणि त्यात घाई केली की ते पहिल्यापासून करावं लागतं. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करायचा, हातपंप दाबायचा. आधी नुसती फुसफुस होते, मग फेस येतो, मग फेसात डिझेल, मग डिझेलात बुडबुडे. बुडबुडे संपून सरळ धार आली की दाबत दाबतच स्क्रू आवळायचा. मला फेस आला, डिझेल आलं, पण बुडबुडे संपेनात. अंगठा दुखायला लागला. मी हात बदलला. नव्या फिल्टरचा रबर नीट बसला नव्हता, तिथून हवा पुन्हा आत जात होती. फिल्टर उतरवला, रबराला डिझेल लावून परत बसवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

काकू आतून म्हणाल्या, "काय गो बाय, लाडू खातेस? हात भरलेत तर मी भरवते."

"नको काकू. थोड्या वेळाने."

"नंतर मिळायचे नाहीत. माझ्या भावासाठी आहेत ते. गाडी नाही निघाली तर मीच खाणार सगळे, रागाने."

काका सीटवरून हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

धार सरळ झाली. स्क्रू आवळला. "काका, मारा."

इंजिन जोरात फिरलं. उठलं नाही.

निनादने घड्याळात पाहिलं. मी त्याच्याकडे पाठ केली. टाकीत डिझेल होतं. फिल्टरमधून पुढे जात होतं. पंपात शिरत होतं, तेही मी पाइप सैल करून पाहिलं. आता पुढचा टप्पा. पंपातून प्रत्येक नोजलकडे एक बारीक पोलादी पाइप जातो आणि नोजल इंजिनात फवारा मारतं. मी नोजलकडच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल केला. पंप जिवंत असेल तर इंजिन फिरताना तिथून डिझेल उडायला हवं.

"काका, परत."

नट कोरडा. दुसऱ्या नोजलचा नट सैल केला. तोही कोरडा. तिसरा, चौथा, सगळे कोरडे.

याचा अर्थ पंपात डिझेल जात होतं आणि बाहेर एक थेंबही येत नव्हता. दादांचं म्हणणं खरं ठरत होतं. पण मला एक गोष्ट पटेना. पंप मरतो तेव्हा सहसा असा एकदम, स्वच्छ मरत नाही. आधी कुरकुरतो, धूर काढतो, थंडीत त्रास देतो. आठवड्यापूर्वी एक नंबर चाललेला पंप झाडाखाली उभ्या उभ्या कसा मरेल? एकतर तो मेला होता, किंवा त्याला कुणीतरी थांब म्हणून सांगितलं होतं.

पंपाच्या कुशीला बोटभर लांबीची एक पट्टी असते. ती एका बाजूला ओढली की पंप डिझेल सोडणं बंद करतो. इंजिन बंद करायचा तो एक रस्ता आहे. या गाडीत मात्र ते काम किल्लीवर चालायचं, विजेच्या एका झडपेने, आणि ती पट्टी नुसतीच लटकलेली असायची. मी खाली वाकून हात घातला. पट्टी लटकलेली नव्हती. एका बाजूला ताठ ओढलेली होती. तिला एक नवी केबल जोडली होती आणि केबल जागेवर राहावी म्हणून तारेचा पिळा दिला होता. पिळा डावीकडे वळत गेलेला. आमच्या गॅरेजमध्ये डावखुरा माणूस एकच आहे, दादा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आठवड्यापूर्वी ही गाडी आली तेव्हा मी दोन दिवस ठाण्याला एका गिऱ्हाइकाकडे कामाला गेले होते. विजेची झडप जळली असणार. जुन्या गाडीची झडप बाजारात लगेच मिळत नाही. अशा वेळी झडपेतली पिन काढून टाकतात, म्हणजे डिझेल कायम चालू राहतं, आणि इंजिन बंद करण्यासाठी हाताने ओढायची केबल बसवतात. जुगाड आहे, पण चांगला जुगाड आहे. मीही हेच केलं असतं.

केबलवरून हात फिरवत मी मागे गेले. ती केबिनमध्ये शिरत होती. मी ड्रायव्हरचं दार उघडलं. काकांच्या उजव्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खाली, एक काळा नॉब होता. तो वीतभर बाहेर आलेला होता.

"काका, हे काय आहे?"

"चोक," काका म्हणाले. "विलासने नवीन बसवून दिलेला दिसतोय. थंडीत सकाळी उठायला त्रास द्यायची ना ही. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीलाही असाच होता, तीस वर्षं वापरला. पूर्ण ओढायचा, सेल्फ मारायचा, गरम झाली की आत."

सकाळपासून मनात अडकलेलं ते क्रियापद जागेवर बसलं. काका चोक म्हणाले ते त्यांच्या जुन्या गाडीच्या भाषेत. दादांनी ऐकलं ते गॅरेजच्या भाषेत. दोघंही शुद्ध मराठी बोलत होते आणि दोघंही वेगळ्याच वस्तूबद्दल बोलत होते. डिझेलला चोक नसतो. काका सकाळपासून एका हाताने गाडी सुरू करत होते आणि दुसऱ्या हाताने बंद.

आधी सगळे नट आवळले. मग नॉब आत ढकलला. "आता मारा काका. सोडू नका, फिरू द्या."

इंजिन फिरत राहिलं. पाइपात अजून हवा होती. एक नोजल खोकलं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा गोळा आला. दुसरं खोकलं. मग एकदम सगळी गाडी हादरली, ओट्यावरचे डबे वाजले आणि इंजिन उठलं. आधी लंगडत, मग सरळ.

काकूंनी आतून टाळी वाजवली. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसून राहिले. निनाद जवळ आला. त्याच्याही चेहऱ्यावर, मान्य करायला हवं, क्षणभर आनंदच होता.

तेवढ्यात दादांची स्कूटर आली. उतरता उतरताच ते ओरडले, "काय मॅडम, काढलीस ना हवा!"

इंजिनाच्या आवाजात सगळे मोठ्याने बोलत होते. काका खिडकीतून म्हणाले, "विलास, अरे तुझ्या मॅडमने चोक आत ढकलला आणि उठली बघ. मी ओढून ठेवला होता."

"चोक?" दादा थांबले. त्यांनी नॉबकडे पाहिलं, मग हसायला लागले. "काका, तो चोक नाही. स्टॉपर आहे स्टॉपर. तुम्ही गाडी बंद करून सेल्फ मारत बसलात सकाळपासून? अरे देवा. आणि मी पंप उतरवायला निघालेलो."

दादांचं हसणं सुटकेचं होतं. पंप ठीक होता, गॅरेजचं नाव ठीक होतं. मीही हसले असते, पण निनाद हसत नव्हता.

"म्हणजे हे यांना सांगितलं नव्हतं का?" त्याने दादांना विचारलं.

दादांचं हसू जरा रेंगाळलं. "सांगितलं असेल ना. आम्ही सांगतोच सगळ्यांना. काही नवीन बसवलं की सांगूनच देतो."

ते अगदी खोटं नव्हतं. दादा खरंच सांगतात बहुतेकांना. त्यांना स्वतःलाही त्या क्षणी तसंच वाटत असावं.

निनाद वडिलांकडे वळला. आवाज खाली आणून, जितका त्या गोंगाटात आणता येईल तितका, तो म्हणाला, "बघा बाबा. मी म्हणतो ते हेच. आठवड्यापूर्वी सांगितलेली गोष्ट. उद्या घाटात ब्रेक कुठला हे विसरलात तर?"

मला वाटलं काका चिडतील. त्यांनी चिडायला हवं होतं. पण ते नॉबकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी विसरणार नाही असा शोध चालला होता. ते आठवायचा प्रयत्न करत होते. जे घडलंच नव्हतं ते स्वतःच्या डोक्यात शोधत होते आणि सापडत नव्हतं, आणि न सापडणं हाच पुरावा आहे असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"असेल," ते म्हणाले. "विलास म्हणतोय म्हणजे सांगितलं असेल. माझ्याच लक्षात राहिलं नाही." मग थोड्या वेळाने, "गॅसचंही मीच केलं असेन."

काकू कोपरावर उठून बसल्या होत्या. काकांनी खिशातून गाडीच्या कागदांचं पाकीट काढलं आणि खिडकीतून निनादपुढे धरलं. ते फक्त थकलेले दिसत होते. निनादने पाकीट लगेच घेतलं नाही, पण हात पुढे केला होता.

गेल्या आठवड्यात गाडी इथे पोहोचवायला दादा आले होते त्या दिवशी मी ठाण्याहून परतले होते आणि त्यांच्या मागून स्कूटरवर आले होते, त्यांना परत नेण्यासाठी. काका तिथे नव्हते. दादा गाडीतून उतरले, शेजारच्या घराच्या कुंपणावरून तिथल्या वहिनींच्या हातात किल्ली दिली, "सामंतकाकांना द्या" एवढंच म्हणाले, आणि वाजणारा फोन उचलत माझ्या मागे बसले. कल्याण येईपर्यंत ते फोनवरच होते.

मला नोकरी दादांनी दिली आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी मला पाहून स्वागतकक्षाची जागा नाही असं सांगितलं होतं तेव्हा त्यांनी पाना हातात दिला होता. गिऱ्हाइकासमोर उस्तादाला खोटं पाडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, आणि तो मला कुणाला शिकवावा लागला नव्हता. मी तशीही कुणासमोर काही म्हणत नाही. परतताना वाटेत दादांना एकटं गाठून सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी काकांना फोन करता आला असता. मी हे सगळं तिथे उभी राहून मोजून पाहिलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी गेली असती. आणि गाडी राहिली असती तरी काकांचा स्वतःवरचा भरवसा परत आला नसता.

इंजिनाचा आवाज मोठा होता. त्यावरून ओरडून बोलणं मला या जन्मात जमणार नाही.

मी ड्रायव्हरच्या दारापाशी गेले, काकांच्या गुडघ्याजवळून हात घातला आणि नॉब ओढला. इंजिन एकदा हुंकारून बंद झालं. दादा दचकले, "अगं काय करतेस, परत नाही उठली तर?" उठणार होती. ती मी उठवली होती. नॉब मी आत ढकलून ठेवला.

चिंचेखाली एकदम शांत झालं. लांबून नदीवर कपडे धुण्याचा आवाज ऐकू आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कुणाकडेच न बघता बोलणार होते, पण मग काकांकडे पाहिलं.

"काका, तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दादांनी किल्ली शेजारी दिली आणि आम्ही निघून गेलो. मी तिथेच होते."